एका पावलाएवढी पाकळी

कापूस घरात आला, की आमच्याकडच्या गावांना बांधकामाची हुक्की येते. दिवाळी मागे पडलेली असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, आणि आंजीच्या रस्त्यावर ठिकठिकाणी वाळूचे ढीग दिसू लागतात. कुणाचा स्लॅब पडतो, कुणाचं न्हाणीघर निघतं, कुणाचा नुसता दारापुढचा ओटा. मी रोज सकाळी वर्ध्याहून बसनं आंजी मोठीला जाते, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायला. डिसेंबरची थंडी असली तरी माझ्या बाजूची खिडकी उघडी असते. परवा शेजारच्या बाईंनी शेवटी तोंड उघडलंच.

"मॅडम, खिडकी लावा नं. पोरगं गारठून राह्यलं माहं."

मी ओशाळून खिडकी लावली, पण लावण्याआधी एक मोठा श्वास आत ओढून घेतला. ओल्या सिमेंटचा वास होता तो. रात्रीच्या थंडीत गारठलेल्या आणि सकाळी पुन्हा पाणी मारलेल्या नव्या फरशीचा. कुणाला मोगरा आवडतो, कुणाला कढईतली भजी. मला हा वास आवडतो. तो नाकात गेला की माझं वय सत्तावीस वर्षांनी उतरतं, पायांत नवे तपकिरी बूट येतात आणि मी कलकत्त्यात असते.

सिमेंटचा आणि कलकत्त्याचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. संबंध माझ्या बाबांचा आहे.

बाबा मोझेकचे मिस्त्री. आता ही फरशी फारसं कुणी घालत नाही, म्हणून सांगते. संगमरवराची रंगीत खडी सिमेंटात कालवून जमिनीवर ओतायची, दाबून बसवायची आणि वाळली की मशीननं घासायची. घासता घासता खडीचं पोट उघडं पडतं आणि करड्या चिखलातून रंग वर येतात. मधे काचेच्या पट्ट्या उभ्या रोवल्या, की फूल, चांदणी, चौकट, हवं ते काढता येतं. त्याला बाबा 'डिझाईन' म्हणायचे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द इतक्या मायेनं यायचा की आई म्हणायची, "ह्या माणसाच्या तोंडात डिझाईन आलं का समजाचं, आता जेवन थंडं होते."

अर्ध्या सिंदी मेघेच्या, म्हणजे आमच्या अर्ध्या गावाच्या, पायांखाली बाबांची फरशी आहे. आमच्या विहारात वंदनेला बसलं की समोर जे कमळ दिसतं, ते त्यांचं. कुणाच्याही घरी गेले तरी बाबा आधी खाली पाहायचे, मग माणसांकडे. आईला पाहायला गेले तेव्हाही हेच झालं होतं म्हणे. आई हे सांगताना शेवटपर्यंत फुरंगटायची. "पोरगी कशी हाय ते नाई पाह्यलं. सारवलेली जमीन पाहत बसले." बाबा मान खाली घालून म्हणायचे, "पण काय लेव्हल होती वो तुह्या घरची!"

आणि ह्याच माणसाच्या स्वतःच्या घरात, समोरच्या खोलीत, सत्तावीस वर्षं फरशी नव्हती. नुसता खरबड कोबा होता.

सिंदी मेघेतलं आमचं घर त्या वर्षी नुकतंच उभं राहिलं होतं. मागच्या दोन खोल्यांत बाबांनी साधी फरशी घालून टाकली. समोरची खोली मात्र राखून ठेवली. तिथे फूल येणार होतं. नागपूरच्या एका कामावर त्यांना एक बंगाली पॉलिशवाला भेटला होता. त्यानं सांगितलं होतं, आमच्या कलकत्त्याला या, जुन्या घरांच्या फरश्या पाहाल तर घरी जायचं विसराल. झालं. बाबांनी आईला सांगितलं, "आपल्या घरी टाकाचं तं पाहूनच टाकू. हावड्याची गाडी वर्ध्यावरूनच जाते."

आईला बोधगया पाहायची होती. पण बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी घेतो म्हटलं होतं, तिनं ती संधी सोडली नाही. तिची अट एकच होती. "फिराले जाऊन राह्यलो तं फिराचं. थापी, टेप, ओळंबा, काई संग घ्याचं नाई. तिथंबी तुमी मिस्त्रीच राह्यले तं मी एकटी वापस येईन."

तो आठवडा मला जेवणाच्या वासांसकट आठवतो. आईनं दशम्या केल्या, तिळाची चटणी केली, संत्र्यांची पिशवी भरली. मला बूट हवे होते. मला बाजारात नेलं की मी दहा वस्तू मागायचे, म्हणून आई नेहमी करायची तेच तिनं केलं. मला ओट्यावर उभं केलं, पावलाखाली पांढरा दोरा धरला, टाचेपाशी एक गाठ मारली, अंगठ्यापाशी दुसरी, आणि तेवढा दोरा घेऊन एकटीच दुकानात गेली. संध्याकाळी तपकिरी बूट आले. ते मी घरातच घालून मिरवत होते, तेव्हा आई बाबांची बॅग तपासत होती. कपड्यांच्या घडीत टेप सापडला. लोखंडी डबीतला, बाबांचा लाडका. आईनं तो काढून घेतला.

गाडीतली झोप, रायपूरचा चहा, सकाळी खिडकीबाहेर एकाएकी दिसू लागलेली तळी, ह्यातलं काहीच सलग आठवत नाही. सलग आठवतो तो उत्तर कलकत्त्यातला डिसेंबर. तिथे एका विहाराच्या धर्मशाळेत आम्हाला खोली मिळाली होती. सकाळी उठलं की धूर आणि धुकं ह्यांत फरक कळायचा नाही. कुठूनतरी सरसोच्या तेलाचा वास यायचा, ट्रामची घंटी वाजायची, आणि मातीच्या इवल्याशा भांड्यातला चहा संपायच्या आत गार व्हायचा. मला ती भांडी फेकवत नव्हती. आईनं तीन धुऊन पिशवीत ठेवली.

लोक कलकत्ता वरून खाली पाहतात. आधी घुमट, मग खांब, मग हिरव्या झडपांच्या खिडक्या. आम्ही तो खालून वर पाहिला, आणि पुष्कळदा वर जायचं राहूनच गेलं. बाबा गल्लीत शिरायचे आणि दारं शोधायचे. उघडं दार दिसलं की उंबऱ्याबाहेर थांबायचे, आत डोकावायचे. लालभडक कोबा आणि त्याला काळी किनार. कुठे पांढऱ्या-काळ्या संगमरवराचा पट. एका जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या, तिथे बाबा बराच वेळ हात ठेवून बसले. मी विचारलं, "बाबा, हे खराब झालं नं?" ते म्हणाले, "खराब नाई बाई. हे लोकायनं पूर्ण केलं."

मी आज मुलांना रेषा शिकवते. नक्षी, समतोल, पुनरावृत्ती असे शब्द फळ्यावर लिहिते. त्या जिन्यावरच्या एका वाक्याएवढं मला अजून कुणाला शिकवता आलेलं नाही.

आईचं म्हणाल तर ती तीन दिवस कुरकुरली. संग्रहालयात सगळी दुनिया पेटीतला मेलेला राजा, म्हणजे इजिप्तची ममी, पाहायला रांगेत उभी होती, आणि बाबा व्हरांड्यात फरशीचा सांधा पाहत होते. "मले हावडा ब्रिज दाखवजा म्हटलं तं हा माणूस खाली पाहून चालते," ती मला सांगायची, मुद्दाम मोठ्यानं. शेवटी बाबांनी पूल दाखवला. पुलावर आईनं कठडा घट्ट धरला. खाली नदी, वर लोखंड, मधून माणसांचा लोंढा. ती हसली आणि म्हणाली, "वर पाहा नं एकडाव." बाबांनी वर पाहिलं. नंतर बराच वेळ पाहतच राहिले. आईच्या कपाळावरची बट वाऱ्यानं उडत होती. ते दोघं तसे उभे असलेले मला कुठल्याही फोटोशिवाय दिसतात, कारण फोटो काढायला आमच्याकडे कॅमेराच नव्हता.

फूल सापडलं ते होमिओपॅथीच्या एका जुन्या दुकानात. काचेची उंच कपाटं, त्यांत शेकडो बाटल्या, आणि काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकं उभी राहतात त्या जागी, जमिनीवर बारा पाकळ्यांचं फूल. तांबडं, हस्तिदंती आणि बाटलीसारखं हिरवं. पाकळ्यांच्या कडेला पितळेची बारीक पट्टी. बाबा दारातच थांबले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. तिला कळलं होतं, आता इथे वेळ लागणार.

पण दुकानात नुसतं उभं कसं राहायचं? चष्मा लावलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरबाबूंनी विचारलं, काय हवंय? बाबा म्हणाले, "बच्ची को सर्दी है." मला सर्दी नव्हती. मला साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी आईला पुढे केलं. "इनका घुटना." आई मराठीत म्हणाली, "माह्या गुडघ्याले काई नाई झालं." डॉक्टरबाबूंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी समजावून सांगितलं, "बोलती है, बहुत दर्द है." आई इतकी चिडली की संध्याकाळपर्यंत बोलली नाही, पण गुडघ्याच्या गोळ्या मात्र तिनं नेमानं खाल्ल्या. म्हणाली, आणल्याच हायेत तं कायले फेकाच्या.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः रोगी झाले. म्हणाले, झोप येत नाही. हे मात्र खरं होतं. डॉक्टरबाबूंनी बाटलीला हात लावला नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आपको कोई बीमारी नहीं है. आप फर्श देखने आते हैं."

बाबा चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मग हळूच हात पुढे केले. त्या हातांना सिमेंटनं पडलेल्या भेगा होत्या, नखांच्या कडा पांढऱ्या होत्या. "मैं भी यही काम करता हूँ," ते म्हणाले. डॉक्टरबाबू उठले, त्यांनी गिऱ्हाइकांचं बाकडं स्वतः ओढून बाजूला केलं आणि ओला फडका आणून फूल पुसून दिलं. कोणत्याही मोठ्या माणसानं माझ्या बाबांना दिलेला तेवढा मान मी पुन्हा पाहिला नाही.

बाबांनी वही काढली, पेन्सिल काढली, आणि तिसऱ्या वस्तूसाठी खिसा चाचपला. टेप नव्हता. त्यांनी आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहायला लागली.

"बेबी, बूट काढ," बाबा मला म्हणाले.

थंडगार होती ती फरशी. बाबांनी माझा घोटा धरून पाऊल एका पाकळीत ठेवलं. टाच पाकळीच्या देठाशी, अंगठा टोकाशी. वर-खाली कुठेही केसभर फरक नव्हता. "अरे बापा," बाबा म्हणाले, "हे तं तुह्याच मापानं टाकलेलं हाय." मग मी टाचेला अंगठा लावत सगळी फरशी मोजली. दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत. मधला गोल अडीच पावलं. फुलापासून किनार चार पावलं आणि तीन बोटं. दारात खोळंबलेली गिऱ्हाइकं माझ्याबरोबर बंगालीत मोजायला लागली. एक, दुई, तीन, चार. माझ्यामुळे सगळं दुकान थांबलं होतं आणि कुणालाही घाई नव्हती. आई बाकड्यावर बसली होती. त्या दुकानात ती पहिल्यांदाच हसत होती, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

त्या दुकानात पुड्या बांधायचा दोरा होता. टांगलेलंच होतं ते रीळ, काउंटरवर. माझं पाऊल त्या दोऱ्यानं मोजून घ्यावं, एवढी साधी गोष्ट बाबांसारख्या कारागिराला सुचली नाही. किंवा सुचली, पण गरज वाटली नसेल. वहीत लिहिता लिहिता ते म्हणाले होते, "पाऊल तं घरचंच हाय. वर्ध्याले गेल्यावर मोजू."

वर्ध्याला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना आंजीचं काम लागलं. मग बोरगाव मेघेचं. हंगाम होता, कामं तेव्हाच घ्यावी लागतात. मग उन्हाळ्यात पाणी नव्हतं. मग आई गरोदर राहिली, माझा भाऊ नितेश आला, त्याच्या दुखण्याखुपण्यात दोन हिवाळे गेले. टेपही मिळाला नाही. आई म्हणे, म्या चांगला जपून ठेवला होता. तिनं जपून ठेवलेली वस्तू तिलाच सापडायची नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी नवा घेतला. एका सकाळी त्यांनी वही उघडली, मला हाक मारली आणि माझ्या पावलाला टेप लावला. मग तो तसाच धरून बसले. मी सहावीत गेले होते. तपकिरी बूट केव्हाच लहान होऊन मामाच्या मुलीकडे गेले होते.

कुणी म्हणेल, त्यात काय, आठ इंच धरा नाहीतर सात. मीही म्हटलं होतं. बाबांनी तेही केलं. त्या खरबड कोब्यावर ते खडूनं फूल काढायचे. एकदा सात इंचांचं, एकदा सव्वाआठ. काढून झालं की दाराशी जाऊन उभे राहायचे, डोळे बारीक करून पाहायचे. "हे छत्री झाली," म्हणायचे. नाहीतर, "हे बटन झालं." मी चिडून विचारलं, "बाबा, इंचभरानं काय फरक पडते?" तर म्हणाले, "फुलाले साईज रायते बाई. तिथं दारात उभा राह्यलो तं पोटात कसं झालतं, तसं झालं पाह्यजे."

सकाळी आई झाडू घेऊन यायची. खडूच्या फुलापाशी थांबायची आणि आतल्या खोलीकडे तोंड करून विचारायची, "ठेवू का पुसू?"

"पुस. माप चुकलं."

दर हिवाळ्यात हे दोन-तीनदा व्हायचं. खरबड जमिनीवर तिचा पोछा महिन्याभरात फाटायचा. पाहुणे यायचे, म्हणायचे, मिस्त्रीच्या घरी फरशी नाही म्हणजे कमालच झाली. आई चटई अंथरायची आणि म्हणायची, "येनार हाय. डिझाईन चालू हाय." त्या वाक्यात टोमणा किती आणि अभिमान किती, हे मला कधी कळलं नाही.

मी दहावीत असताना बाबांना एकदा विचारलं, की आईला खरं कारण का सांगत नाही? वहीत पावलं लिहिली आहेत, इंच नाहीत, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती आपली समजत होती, की बाबांचं मन भरत नाही. बाबा म्हणाले, "नको सांगू तिले. टेप तिनं काढून घेतलता. तिले वाटीन, तिच्याच पायी झालं."

तेव्हा मला ते फार मोठं मन वाटलं होतं.

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. शेवटचे दिवस ती त्याच खोलीत, खाटेवर होती. एकदा तिनं खाली हात सोडून जमिनीवरून बोटं फिरवली आणि मला म्हणाली, "बेबी, कलकत्त्याची कशी गुळगुळीत होती नं?" मी हो म्हटलं. आणखी काही म्हणायला हवं होतं. मला अजूनही वाटतं, तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं.

हा तिच्याशिवायचा पहिला हिवाळा. तुरी तशाच फुलल्या, शेंगाही धरल्या, संत्र्यांचे ठेले बजाजवाडीपासून स्टेशनपर्यंत लागले, ओल्या सिमेंटचा वास तसाच बसमध्ये शिरला. ऋतूला माणसांची गैरहजेरी कळत नाही, ह्याचा मला यंदा राग आला.

नितेशचं लग्न फेब्रुवारीत आहे. तो नागपूरला नोकरी करतो, समंजस आहे, पण कलकत्ता त्याच्या जन्माआधीचं. त्यानं समोरच्या खोलीसाठी चकचकीत टाईल्स घेतल्या. खोकी अंगणात येऊन पडली. "बाबा, पाव्हणे येतीन. खरबड्यावर बसवाचं का त्यायले?" त्याचं चूक नव्हतं. बाबा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. आयुष्यभर उकिडवं बसून गुडघे गेले. आईच्या न दुखणाऱ्या गुडघ्याच्या गोळ्यांची आठवण काढून आम्ही हसतो, पण ते खरंच खाली बसू शकत नाहीत. सोमवारी टाईलवाला मिस्त्री येणार होता. खोली रिकामी करायला मी रविवारी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या माझ्या घरून सिंदी मेघेला गेले.

दुपारी मी सज्ज्यावर, म्हणजे माळ्यावर, चढले. लग्नाकार्याच्या स्वयंपाकाचा मोठा गंज काढला, पिंप काढलं. गंजामागे भिंतीला टेकून एक खोकं होतं, सुतळीनं बांधलेलं. आई दर दिवाळीला सज्जा झाडायची, तेव्हा ते उचलून खालची धूळ पुसून परत तिथेच ठेवताना मी कित्येकदा पाहिलं होतं. तिला वाटत असणार आत बूट आहेत. खोक्यावर बुटाचं चित्र होतं. मी खाली उतरून बाबांसमोर ते उघडलं.

आत लोखंडी डबीतला टेप होता, गंजलेला. आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला, पिवळा पडलेला एक दोरा. दोन गाठी मारलेला.

बाबांनी टेप उचलला. त्यांना हसू आलं. "इथं होता हा! पाहा, किती जपून ठेवला." मग त्यांनी दोरा पाहिला. "हे काय हाय?"

"माहं पाऊल हाय, बाबा. त्या बुटायचं माप."

त्यांनी दोरा दोन्ही हातांत ताणून धरला. "एवढुसं होतं का वो," ते म्हणाले. त्या दोन गाठींच्या मधलं अंतर त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. मग म्हणाले, "तिच्यापाशीच होतं. इचारलं असतं तं आठवलं असतं तिले. दोरा आठवला असता तं टेपबी सापडला असता." आणि थोड्या वेळानं, "म्या इचारलंच नाई."

ते रडले. माझ्यासमोर पहिल्यांदा. मीही रडले. तिला दुखवायचं नाही म्हणून ज्या गोष्टीला आम्ही दोघांनी कुलूप लावलं होतं, तिची किल्ली तिच्याच खोक्यात होती. सत्तावीस वर्षं ती त्या खरबड्यावर पोछा मारत राहिली. मोठं मन नव्हतं ते. एकमेकांशी चार शब्द बोलायची आमच्या घरची जुनी चोरी होती.

नितेशला हाक मारली. त्यानं सगळं ऐकलं, दोरा पाहिला, आणि विचारलं, "पण बाबा, खाली कोन बसन?"

"मी बसीन," मी म्हटलं. मी घरी त्यांच्याच भाषेत बोलते. "बाबा खुर्चीवरून सांगतीन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नितेशकडे. "मिस्त्रीले म्हणजो, कडेनं लाव तुह्या टाईल. मधातली जागा सोड, तिथं फूल येनार हाय."

चार वाजता आम्ही सुरुवात केली. बाबा खुर्चीवर, मी जमिनीवर, हातात शाळेतला खडू. खोलीचा मध्य काढला. दोऱ्यानं पहिली पाकळी घेतली, मग दुसरी. गुडघ्यांना कोबा टोचत होता. आई ह्याच्यावर उठली-बसली, ह्याच्यावर तुरी सोलल्या, ह्याच्यावर मला अक्षरं गिरवायला शिकवलं. बाबा मधूनच म्हणत होते, "टोक अजून बारीक. हां." बारावी पाकळी जुळली तेव्हा ते काठी टेकत उठले, दाराशी जाऊन उभे राहिले आणि डोळे बारीक केले. मी विचारलं नाही. त्या फुलाची साईज मला माझ्या तळपायाला कळली होती.

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी मिस्त्री यायच्या आधी झाडू घेऊन समोरच्या खोलीत गेले. थंडी होती. कुणाच्यातरी नव्या ओट्यावर पाणी मारल्याचा वास दारातून येत होता. फुलापाशी आले आणि पाय थांबले. आतल्या खोलीत बाबा जागे होते, त्यांच्या खाटेचा आवाज आला. मी तिकडे तोंड करून विचारलं,

"ठेवू का पुसू?"

खाट पुन्हा करकरली.

"ठेव," बाबा म्हणाले.